आणायचं ठरलंय, मोजायचं राहिलंय

मे महिन्यात मुंबईकराला दोन आकडे तोंडपाठ असतात. एक सोन्याचा भाव, दुसरा सात तलावांतला साठा. पहिला परवडत नाही, दुसरा पुरत नाही. विलेपार्ल्याच्या बाजारात पालकाची जुडी निवडता निवडता माणसं भातसाची टक्केवारी अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं धाकट्याचा दहावीचा निकाल लागलाय आणि गणितात थोडक्यात गेलाय.

जूनमध्ये कपात येते. जुलैत तुळशी तलाव ओसंडून वाहतो, वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो, कपात मागे घेतली जाते आणि शहराचं पाण्याचं नियोजन पुढच्या मेपर्यंत रजेवर जातं. २०२२ मध्ये हेच झालं. २०२३ मध्ये थोडं उशिरा हेच झालं. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के, ५ जूनपासून दहा टक्के आणि २९ जुलैला सगळं माफ. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या कोकणातल्या काकांना आपण गणपतीत जाऊन ठिबक सिंचन समजावतो. काका ऐकून घेतात, कारण ते सभ्य आहेत.

आता एक भागाकार करू. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा हे सातही तलाव काठोकाठ भरले, तर त्यांत साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. शहराला रोज सुमारे ३,९५० दशलक्ष, म्हणजे ३९५ कोटी लिटर पुरवलं जातं. भाग घाला. उत्तर येतं ३६६. एक वर्ष आणि वर एक दिवस. बाष्पीभवन धरलं तर तो वरचा दिवसही गेला. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका, २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर, आणि तिच्या दूरदृष्टीची लांबी ३६६ दिवस. तेवढ्यात भागलं नाही, तर राज्य सरकारकडे अर्ज: भातसा आणि अप्पर वैतरणातला राखीव साठा द्यावा, ही विनंती.

*

“इंग्रज असताना असं नव्हतं हो,” असं म्हणणारे एक आजोबा प्रत्येक बाकड्यावर असतात. तेव्हाही असंच होतं. १८५४ च्या दुष्काळात मुंबईच्या विहिरी आटल्या, तेव्हा सरकारला जाग आली. १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पाणी आलं. आता प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटलं. तो मिटला नाही. १८७९ मध्ये तुळशी बांधावा लागला. मग घाईघाईत पवई बांधला. त्याचं पाणी पिण्यालायक निघालं नाही. आज त्याच पवईच्या पाण्याकडे तोंड केलेले फ्लॅट लेक व्ह्यू म्हणून विकले जातात. नळाला पाणी मात्र शहापूरकडून येतं. घाईतलं नियोजन शेवटी इस्टेट एजंटच्या कामी येतं, ते असं.

१८९२ मध्ये तानसा आला. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडक सागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, ऐंशीच्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यादी नीट पाहिली तर पद्धत लक्षात येते. तहान वाढली, की शहर आणखी एक डोंगर ओलांडतं. आधी साष्टीतलं जंगल, मग शहापूर, मग थेट नाशिक जिल्हा. शहर वाढवायचं इथे आणि पाणी शोधायचं तिकडे.

या यादीतल्या मोडकांबद्दल दोन शब्द. नानासाहेब मोडक हे मुंबईचे शहर अभियंता. धरणाला नाव त्यांचंच. १९४८ मध्ये अल्बर्ट मेयर यांच्यासोबत त्यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. म्हणजे शहर कुठे आणि किती वाढणार हे आखणारा माणूस पाण्याचंही बघत होता. आज ही चूक कोणी करत नाही. इमारतीची उंची ठरवणारं खातं वेगळं, पाणी शोधणारं खातं वेगळं. दोघांची गाठ पडते ती उच्च न्यायालयात, प्रतिवादी क्रमांक एक आणि दोन म्हणून.

*

पुण्यात चितळे म्हटलं की बाकरवडी. मुंबईत चितळे म्हटलं की अहवाल.

डॉ. माधव चितळे हे जलतज्ज्ञ. १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. मुंबईची पुढची तहान कशी भागवायची हे सांगायला नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. १९९४ मध्ये समितीनं सांगितलं: मध्य वैतरणा बांधा, गारगाई बांधा, पिंजाळ बांधा. नजर २०२१ पर्यंतची. मग २६ जुलै २००५ ला शहर बुडालं, तेव्हा का बुडालं हे शोधणाऱ्या समितीवरही चितळेच. पुढे राज्यातल्या सिंचनाचा पैसा कुठे मुरला हे तपासायला पथक नेमलं, त्याचेही प्रमुख चितळेच. पाणी कमी पडलं तर चितळे, जास्त झालं तर चितळे, पाण्यातला पैसा गेला कुठे तरी चितळे. महाराष्ट्राला एक जलतज्ज्ञ पुरतो, कारण त्याचं ऐकायचं नसतंच.

१९९४ च्या त्या तीन धरणांपैकी आजवर बांधून झालंय एक. मध्य वैतरणा, २०१४. शिफारशीपासून वीस वर्षं. विहारला चार लागली होती. अर्थात, विहारच्या वेळी पर्यावरण परवानगी नव्हती, भूसंपादनाचा आजचा कायदा नव्हता, विस्थापितांना कोणी विचारत नव्हतं. ते दिवस परत यावेत असं आम्ही म्हणणार नाही. फक्त एवढंच, की २०२१ पर्यंतची नजर होती आणि २०२१ येऊन गेलं. नजर तिथेच आहे.

गारगाईची गंमत पाहा. पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या जंगलात हे धरण व्हायचंय. त्यातून रोज ४४ कोटी लिटर मिळणार. त्यासाठी लाखो झाडं जाणार आणि आदिवासींची गावं हलणार. २०२० मध्ये सरकारला झाडं आठवली आणि गारगाई बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं. रोज २० कोटी लिटर, पुढे वाढवून ४०. इस्रायली कंपनीशी करार, अहवाल, आकडे. मग सरकार बदललं. मनोरीच्या निविदांना मुदतवाढ मिळत गेली आणि गारगाईची फाईल पुन्हा वर आली. झाडं तीच, गावं तीच, अभयारण्य तेच. बदलली ती फक्त खुर्चीवरची माणसं. उद्या पुन्हा बदलली, तर समुद्र आहेच. तो कुठे जात नाही.

पिंजाळ ८६.५ कोटी लिटर देणार. त्याला दमणगंगेचं पाणी जोडायचं, याचा सविस्तर अहवाल २०१४ मध्ये तयार झाला. तो सविस्तर असल्यामुळे अजून वाचून व्हायचाय.

आणि एक. तानसा, भातसा, मोडक सागर ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, त्या शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात पाणी टँकरनं द्यावं लागतं. तिथल्या बायका हंडे घेऊन ज्या वाटेनं जातात, तिच्याच बाजूनं आपली जलवाहिनी जाते. आपण तिला तानसा पाइपलाइन म्हणतो. त्या तिला काय म्हणत असतील, ते छापता येणार नाही.

*

इथपर्यंत सगळी चर्चा आणायची झाली. आणलेल्याचं काय होतं?

महापालिकेचेच आकडे सांगतात, की गळती आणि चोरी मिळून पाव हिश्शाहून जास्त पाणी हिशेबाबाहेर जातं. कधी सत्तावीस टक्के म्हणतात, कधी चौतीस. आकडा वर्षानुवर्षं इतका हलता आहे, की गळती मोजण्यातच गळती असावी. आपण उदारपणे पावच धरू. ३९५ कोटींचा पाव म्हणजे जवळजवळ ९९ कोटी लिटर. रोज. गारगाई ४४ कोटींची. म्हणजे दोन गारगाया पार्ले, अंधेरी, कुर्ला, भायखळ्याच्या रस्त्यांखाली आधीच बांधून तयार आहेत. त्यांना वनखात्याची परवानगी नको, पुनर्वसन नको, उद्घाटनाला मंत्री नको. फक्त पाना हवा.

इथेच घोडं पेंड खातं. पान्याला कोनशिला लागत नाही. धरणाला नाव देता येतं, गळतीदुरुस्तीला देता येत नाही. अमुक हृदयसम्राट व्हॉल्व्ह दुरुस्ती योजना, असा फलक अजून कुठल्या नाक्यावर लागलेला नाही. लागला असता, तर गळती केव्हाच संपली असती.

यातलं काही पाणी चोरीचं असतं, म्हणजे ते कोणाच्या तरी घशातच जातं, हे खरं. पण कोणाच्या, किती, कुठे, हे ठाऊक नसेल तर त्याला नियोजन म्हणत नाहीत. टोकियोत गळती तीन-चार टक्के आहे. तिथे भूकंप होतात. आपल्याकडे मेट्रो होते.

पार्लेकरांना याचा प्रत्यय आलेला आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशय भरणारी १८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली. अठराशे मिलिमीटर, म्हणजे आत पावणेसहा फुटी माणूस टोपी काढून चालेल एवढी. अंधेरी, जोगेश्वरी, पार्ले, सगळे कोरडे. दुरुस्तीला दोन दिवसांहून जास्त लागले. पार्ल्यात त्या दोन दिवसांत ज्यांनी आयुष्यात वेरावली हे नाव ऐकलं नव्हतं, त्यांना तो जलाशय, त्याची पातळी आणि चावीवाल्याच्या पाळ्या पाठ झाल्या. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि ज्ञान वाहून गेलं.

मेट्रोच्या यंत्राला नळ दिसला नाही, हे समजू शकतो. यंत्राला डोळे नसतात. पण एवढा मोठा नळ कुठल्या खोलीवरून जातो, हे दोन सरकारी यंत्रणांना एकमेकींना सांगता आलं नाही. आणि याच यंत्रणा २०४१ ची मागणी सांगतात, ती शेवटच्या लिटरपर्यंत.

*

आता पार्ल्याच्या गल्लीत येऊ. सध्या पार्ल्यात माणसाला “कसे आहात?” असं कोणी विचारत नाही. “पुनर्विकास कुठपर्यंत आला?” असं विचारतात. उत्तर येतं: “पालिकेची आयओडी, म्हणजे बांधकामाची मंजुरी आली, पुढच्या महिन्यात घर खाली करायचंय.” तीनमजली इमारती पाडून दहामजली होतायत. विमानतळाची भिंत जवळ असल्यामुळे त्याहून उंच जाता येत नाही, हीच काय ती पार्ल्याच्या पाण्यावर विमान प्राधिकरणाची कृपा.

समजा, जुन्या इमारतीत बारा बिऱ्हाडं होती. घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष. झाले ८,१०० लिटर. नव्या इमारतीत तीस फ्लॅट. झाले २०,२५० लिटर. जुन्या घरात एक न्हाणीघर होतं आणि सकाळी त्याच्यासमोर रांग होती. नव्यात तीन बाथरूम आणि रांग नाही. रांग हे पाणी वाचवण्याचं सर्वांत स्वस्त तंत्र होतं. ते आपण कार्पेट एरियात विरघळवलं.

या वाढीव बारा हजार लिटरचा हिशेब कोणाच्या वहीत आहे? सोसायटीच्या सभा आम्ही पाहिल्यात. वाढीव जागा किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन, स्टॅक की पझल, यावर रात्रीचे अकरा वाजतात. कोणी तरी मागून विचारतं, “अहो, पाण्याचं काय?” बिल्डरचा माणूस हसून सांगतो, “काका, टाकी मोठी देतोय.” टाळ्या पडतात. टाकीत काय भरणार, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण चहा आलेला असतो.

ठाण्यात हा प्रश्न न्यायालयानं विचारला होता. २०१७ मध्ये घोडबंदर रोडवरच्या नव्या बांधकामांना उच्च न्यायालयानं पाण्यावरूनच लगाम घातला. पाणी नाही तर घर कशाला, असा साधा मुद्दा. बिल्डरांना तो फार गुंतागुंतीचा वाटला.

आणि माणसं किती, हे तरी ठाऊक आहे का? शेवटची जनगणना २०११ ची. मुंबई १ कोटी २४ लाख. पुढची २०२७ मध्ये. मधली सोळा वर्षं अंदाजावर. ज्या शहराला आपली डोकी मोजायला सवड नाही, ते त्या डोक्यांवरून रोज किती बादल्या पडणार हे पुढच्या वीस वर्षांसाठी सांगतं.

*

पार्ल्याला दुष्काळी म्हणायचं तर वरून पाऊस हसतो. सांताक्रूझची वेधशाळा आपली शेजारीण. तिथे मोसमात साधारण सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या एका प्लॉटवर म्हणजे साडेबावीस लाख लिटर. टँकरच्या भाषेत, दहा हजार लिटरचे सव्वादोनशे टँकर, फुकट, घरपोच, तेही जिना न मळवता. २६ जुलै २००५ ला तिथे ९४४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात नोंदला गेला. त्या एका दिवसात त्या एका प्लॉटवर चौऱ्याण्णव टँकर येऊन गेले. आपण त्यांना गटाराचा रस्ता दाखवला आणि गटारानं आपल्याला.

पाऊस साठवायचा नियम आहे. २००२ मध्ये हजार चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना सक्ती झाली. २००७ मध्ये ती ३०० चौरस मीटरवर आणली. पुढच्या विकास नियंत्रण नियमावलीत ती ५०० वर गेली. पाऊस तोच, तहान वाढलेली, सक्ती मात्र आखडली. ज्या इमारतींनी नियम पाळला, त्यांच्या आवारात कोपऱ्यात एक खड्डा असतो. त्यावर जाळी, जाळीवर कुंडी, कुंडीत मनीप्लांट. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, की खड्ड्याचं काम संपतं. तो नंतर किती पाणी पितो, हे कोणी मोजत नाही.

पार्ल्याच्या जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत विहिरी होत्या. डासांच्या भीतीनं काही झाकल्या, पार्किंगच्या लोभानं उरलेल्या बुजवल्या. मिलन सबवेला तर पालिकेनं पावसाचं पाणी साठवायला भूमिगत टाकी बांधली. कोट्यवधी लिटरची. आम्ही आनंदानं उडालो. मग कळलं, की ते पाणी वापरायचं नाही. पाऊस ओसरला, की ते उपसून समुद्राकडे सोडायचं. तिकडे मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायची तयारी चाललेलीच आहे. म्हणजे गोडं पाणी आधी खारट करायचं आणि मग खर्च करून पुन्हा गोडं करायचं. याला जलचक्र म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात ते फुकट होतं.

*

मग उरतो टँकर. पालिकेचं पाणी इमारतींना हजार लिटरला सहा-साडेसहा रुपयांच्या आसपास पडतं. एवढ्यात पार्ल्यात अर्धी कटिंगही मिळत नाही. टँकरचं तेवढंच पाणी दोनशे रुपये आणि वर. तिसेक पट. सोसायटीत पाणीपट्टी आठ टक्क्यांनी वाढणार म्हटलं, तर मोर्चा निघतो. टँकरवाल्यानं पाचशे वाढवले, तर सेक्रेटरी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतो.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांवरून टँकरवाल्यांनी संप केला. कारण साधं होतं: विहिरीतून किती उपसता याची नोंद ठेवा, परवाना घ्या, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. म्हणजे मोजा, असं सांगितलं होतं. चार-पाच दिवसांत शहराला घाम फुटला आणि पालिकेनं टँकर ताब्यात घ्यायला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढला. टँकर थांबला तर आपत्ती. टँकर चालू राहतो, ती मात्र व्यवस्था.

पाणी लिटरवर मोजून यशस्वी झालेलं एकच नाव आम्हाला ठाऊक आहे आणि ते आपल्या गावाचं आहे. १९२९ मध्ये पार्ल्यात गोळ्यांचा आणि पुढे बिस्किटांचा कारखाना काढणाऱ्या चौहानांच्या पार्लेनं १९६९ मध्ये बिसलेरी विकत घेतली. तेव्हा लोक हसले असतील, नळाला पाणी असताना बाटली कोण घेणार म्हणून. बिस्किटांचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. बाटली चालूच आहे. मुंबईत दीर्घकालीन जलनियोजन कोणी केलंच असेल, तर ते बाटलीवाल्यांनी.

*

पालिकेचं पाणी मोजायलाही एकदा माणसं आली होती. आणि आली ती आपल्याच वॉर्डात. २००६-०७ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं कॅस्टालिया या सल्लागार कंपनीनं के-पूर्व विभागाच्या पाणीवाटपाचा अभ्यास केला. पार्ले पूर्व, अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व. नळ किती, दाब किती, गळती किती, वसुली किती, सगळं तपासायचं आणि पुढे कारभार खासगी हातांत द्यायचा, असा रोख दिसत होता. लोक चिडले, संघटना उभ्या राहिल्या, अभियंतेही विरोधात गेले आणि योजना गुंडाळली गेली.

बरोबरच झालं. पाणी विकायला काढायचं नाही, हे ठणकावून सांगणारा वॉर्ड आपला, याचा अभिमान आहे. पण त्या गडबडीत एक गोष्ट निसटली. विकायला आलेल्यांना हाकललं, तेव्हा मोजणंही त्यांच्यासोबत गेलं. जणू मोजेल तो विकेलच. पालिकेनं स्वतः, स्वतःच्या माणसांकडून, वॉर्डात किती पाणी आलं आणि किती घरांत पोचलं, हे दर महिन्याला फलकावर लावायला कोणत्या बँकेचं कर्ज लागतं?

न मोजण्याचा फायदा कोणाला होतो, हे पाहायला विमानतळाच्या भिंतीपर्यंत चालत जावं लागेल. इमारतीला माणशी १३५ लिटर, झोपडपट्टीला ४५, हा पालिकेचाच जुना निकष. केंद्राच्या जमिनीवर झोपडी असेल, तर तेही नाही, कारण जमिनीच्या मालकाचं ना-हरकत पत्र नाही. तहानेला पत्ता लागतो आणि पत्त्याला कागद. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं सांगितलं, की घर बेकायदा असलं तरी पाण्याचा हक्क जात नाही. १ मे २०२२ पासून पालिकेचं सर्वांसाठी पाणी हे धोरणही आलं. धोरण घरोघर पोचलं. पाणी पोचतंय.

ज्यांच्याकडे मीटर नाही, त्यांना आपण पाणीचोर म्हणतो. तीस रुपयांना डबा भरून घेणारी बाई पाण्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मोजते, आणि तरीही चोर तीच. आपण मात्र मोटारी धुऊन करदाते.

*

केप टाउन शहर २०१८ च्या सुरुवातीला कोरडं पडायला आलं होतं. तिथल्या पालिकेनं नवं धरण जाहीर केलं नाही. कोणतं घर पाणी कमी वापरतंय, हे हिरव्या ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा लोकांसमोर ठेवला आणि माणशी ५० लिटरची मर्यादा घातली. ज्यांच्या घरावर हिरवा ठिपका नव्हता, ते शेजाऱ्याची नजर चुकवू लागले. नळ बंद होण्याचा तो दिवस आलाच नाही. पार्ल्यात असा नकाशा लावला, तर काय होईल? शेजाऱ्याच्या फ्लॅटची किंमत ज्यांना चौरस फुटासकट पाठ आहे, त्यांना शेजाऱ्याचे लिटर पाठ व्हायला आठवडा पुरे.

आमचं म्हणणं एवढंच. या शहराकडे पाणी आणण्याचं नियोजन आहे, मोजण्याचं नाही. गारगाई बांधा किंवा मनोरी करा, पण त्याआधी रस्त्याखालच्या दोन गारगायांचा हिशेब द्या. नव्या इमारतीला भोगवटा देताना तिची तहान आणि वॉर्डाचा पुरवठा एका कागदावर लिहा, आणि तो कागद फाटकावर लावा. दर महिन्याला वॉर्डात आलेलं, पोचलेलं आणि हरवलेलं पाणी जाहीर करा. यासाठी जंगल बुडवावं लागत नाही आणि समुद्रही उकळावा लागत नाही.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पालिका तलावांचा वर्षाचा साठा १ ऑक्टोबरला मोजते. तेव्हा तिच्या एक दिवस आधी आपण आपला मोजू. सभेत तीन प्रश्न विचारा: वर्षभरात मीटरनं किती लिटर दाखवले, टँकरवर किती रुपये गेले, आणि कुंडीखालच्या त्या खड्ड्यात पावसाचं पाणी खरंच उतरतं का. आणि हा विषय पार्किंगच्या आधी घ्या. पार्किंगनंतर सभेला कोणी थांबत नाही.